ऑस्टर्लिट्झची चतुःसीमा

गेल्या हिवाळ्यात एका वाचनालयाने आम्हांस इतिहासावर व्याख्यान देण्याची विनंती केली. विषय आम्हीच निवडला : २ डिसेंबर १८०५ रोजीची ऑस्टर्लिट्झची लढाई. नेपोलियनने रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला तो दिवस. वकिली पेशाच्या सवयीने आम्ही प्रथम घटनास्थळाचा नकाशा काढावयास बसलो आणि तेथेच अडलो.

पुस्तकांत तेल्निट्झ, सोकोल्निट्झ, कोबेल्निट्झ, प्रात्झेन अशी गावे येत होती. चेक प्रजासत्ताकाच्या आजच्या नकाशावर यांतील एकही नाव मिळेना. खुद्द ऑस्टर्लिट्झही नाही! दोन महायुद्धांत ही गावे नामशेष झाली असावीत, असा निष्कर्ष काढून आम्ही टिपणात तसे लिहूनही टाकले.

रात्री ते वाक्य पुन्हा वाचताना आमचाच एक जुना दावा आठवला व आम्ही वरमलो. सीमाभागातील एका वृद्ध शेतकऱ्याजवळ आजोबांच्या वेळचे मोडी वाटणीपत्र होते. त्यात गावाचे मराठी नाव, तर चालू दप्तरात त्याच गावाचे निराळे रूप. ‘या नावाचे गाव आमच्या यादीत नाही,’ एवढ्या एका शेऱ्यावर त्यांचा अर्ज परत आला होता. म्हातारे आम्हांस म्हणाले होते, ‘वकीलसाहेब, मी जन्मलो ते गावच नाही म्हणतात, मग मी तरी आहे का?’ त्या वेळी आम्ही नाव बाजूला ठेवून चतुःसीमा धरली : पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस देवस्थानची जमीन, दक्षिणेस गावठाण. ओढा आणि देऊळ जागचे हलले नव्हते. गाव सिद्ध झाले. ज्या शेऱ्यावर आम्ही तेव्हा संतापलो, तोच शेरा आता आम्ही मोराव्हियातील गावांवर मारीत होतो.

मग तीच रीत येथे लावली. मोराव्हियाचे पहिले लष्करी सर्वेक्षण हाब्सबुर्ग राजवटीने १७६४ ते १७६८ या काळात केले. ते नकाशे आता संगणकावर पाहावयास मिळतात. लढाईच्या वर्णनात गोल्डबाख नावाचा ओढा आहे. चेक भाषेत तो झ्लाटी पोटोक, म्हणजे जर्मन नावाप्रमाणेच ‘सोन्याचा ओहोळ’. ओढा सापडताच काठची गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने उभी राहिली : तेल्नित्से, सोकोल्नित्से, कोबिल्नित्से. पूर्वेच्या टेकाडावर प्रात्से. त्यांच्याही पूर्वेस स्लावकोव्ह, हेच ऑस्टर्लिट्झ. गावे होती तिथेच होती, आम्ही त्यांना परक्या नावाने हाका मारीत होतो.

पुढचा शोध अधिक नवलाचा. ऑस्टर्लिट्झ हे जर्मन नावही मुळात स्लाव्ह. नोवोसेडलित्से, म्हणजे ‘नवी वस्ती’, या शब्दाचे ते झिजलेले रूप. मुख्य रणकंदन त्या गावात झालेच नाही. विजयाला नाव मात्र त्याचे मिळाले. आज पॅरिसमध्ये त्या नावाचा पूल आहे, रेल्वेस्थानक आहे. आणि खुद्द गावातला माणूस स्वतःला स्लावकोव्हचाच म्हणवतो.

भाषेची किंमत त्या रात्री सेनापतींनीही मोजली. लढाईच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियन अधिकारी वायरोटर याने संयुक्त सैन्याची योजना जर्मनमध्ये वाचून दाखविली. ती या गावांच्या नावांनी खचाखच भरलेली होती. रशियन भाषांतर नंतर करावे लागले, आणि त्याच्या प्रती सेनानींच्या हाती पडेपर्यंत दिवस उजाडला होता, असे तेथे हजर असलेल्या लांजराँ या सेनानीच्या आठवणींत आहे. पराभवाची कारणे अनेक. परंतु न समजणाऱ्या भाषेतील हुकूम हे त्यांतले एक मानावयास हरकत नसावी.

जेत्याचा कागदही जसाच्या तसा स्वीकारू नये. वीस हजार शत्रुसैनिक तळ्यांत बुडाले, असे नेपोलियनच्या पत्रकात होते. तळी उपसली तेव्हा माणसांचे अवशेष अगदीच थोडे निघाले. आज तेथे शेते आहेत. पंचनाम्यापुढे पत्रक टिकले नाही!

व्याख्यानात आम्ही प्रत्येक गावाची दोन्ही नावे सांगितली आणि टिपणातील आमची चूकही वाचून दाखविली. एका तरुण श्रोत्याने विचारले, ‘मग खरे नाव कोणते?’ आम्ही इतकी वर्षे आपल्या गावांच्या मराठी नावांसाठी भांडत आलो. उत्तर जिभेवर तयार होते. तरी क्षणभर थांबलो. जे नाव घेऊन आई लेकराला घरी बोलावते, ते त्या गावातून पुसण्याचा अधिकार कोणत्याही दप्तरास नाही, यावर आम्ही ठाम आहोत. परंतु शेजारच्या घरातील आईही हाक मारीत असते, तिच्या भाषेत. मोराव्हियात जर्मन बोलणारी घरेही पिढ्यान्‌पिढ्या नांदली होती. १९४५ नंतर त्यांतील बहुतेकांना देश सोडावा लागला. त्यांची नावे आज मुख्यतः जुन्या नकाशांतच उरली आहेत.

म्हणून आपणा सर्वांस, बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे, जेथे कोठे असाल तेथे, एक विनंती. घरातील जुनी वाटणीपत्रे, खरेदीखते, लग्नपत्रिका बाहेर काढा. त्यांतील गावाचे नाव आहे तसे उतरवून घ्या. शेजारी आजचे नाव लिहा. आणि खाली चतुःसीमा लिहावयास विसरू नका.