शिवणाची टोपली

जाक-लुई दाव्हीदची चित्रं मला खरं तर आवडायला नकोत. ताठ पाठी, ताठ तलवारी, कोरीव पोटऱ्या. रंगापेक्षा रेघेचाच दरारा. लुव्रमधल्या लाल भिंतींच्या दालनात शिरलं की ही रोमन मंडळी अंगावर येतात. ‘होराती बंधूंची शपथ’ तर सव्वाचार मीटर रुंद. तीन कमानी, तीन भाऊ, बापाच्या मुठीत तीन तलवारी. दाव्हीदनं हे चित्र १७८४ मध्ये मुद्दाम रोमला जाऊन रंगवलं, तेही राजाच्या खात्यानं ठरवून दिलेल्या मापाला न जुमानता.

तलवारींवरून माझी नजर उजव्या कोपऱ्यात घसरते. तिथं बायका बसल्या आहेत; बसल्या कसल्या, कोसळल्याच आहेत. भाऊ ज्यांच्याशी लढायला निघालेत, त्या कुरियाती घरातली लेक इथली सून आणि इथली लेक त्या घरात द्यायची ठरलेली. कोणीही जिंको, या घरात रडणं आहेच. मागं एका बाईनं दोन पोरांना कवेत घेतलंय. त्यातलं थोरलं तिच्या हाताआडून सगळं टक लावून बघतंय.

पण मी थांबते ती दाव्हीदच्या दुसऱ्या एका चित्रातल्या ब्रूटसपाशी. हा सीझरवाला ब्रूटस नव्हे. त्याच्या कितीतरी आधीचा, रोममधून राजांना हाकलणारा. राजेशाही परत आणायच्या कटात पोटची पोरं सापडली, तेव्हा यानंच त्यांना मृत्युदंड दिला. चित्रात त्यांची प्रेतं घरी येताहेत. अशा चित्राचा नायक मधोमध, उजेडात हवा ना? दाव्हीदनं त्याला डावीकडं अंधारात बसवलंय, पाय एकमेकांवर आवळून. मागून पोरांना आत नेताहेत, तिकडं तो मान वळवत नाही. सगळा उजेड पलीकडं, हात पुढं करून हंबरडा फोडणाऱ्या आईवर आणि तिला बिलगलेल्या मुलींवर. आणि या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत, टेबलावर, शिवणाची टोपली. आत कापड, कात्री. घटकाभरापूर्वी कोणीतरी टाके घालत होतं. इतक्या निगुतीनं रंगवलेली वस्तू अख्ख्या चित्रात दुसरी नाही. न्याय, प्रजासत्ताक, त्याग या सगळ्या मोठ्या शब्दांच्या मधोमध या माणसाला टोपली ठेवावीशी वाटली, म्हणून मी त्याच्या ताठ पोटऱ्या माफ करते.

हे चित्र लोकांपुढं आलं १७८९ मध्ये, बॅस्टिल पडलं त्याच वर्षी. लोकांना त्यात ब्रूटसच दिसला. बहुधा दाव्हीदलाही. जानेवारी १७९३ मध्ये लोकप्रतिनिधी म्हणून त्यानं सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूनं मत दिलं. बायको राजाच्या पक्षाची. दोघांचा घटस्फोट झाला. क्रांतीचा नेता रोबेस्पिएर पडल्यावर दाव्हीद तुरुंगात गेला, तेव्हा भेटायला आली तीच. १७९६ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं.

(याच चित्रकारानं पुढं नेपोलियनचा राज्याभिषेक जवळजवळ दहा मीटर रुंद कॅनव्हासवर रंगवला आणि सोहळ्याला न आलेल्या नेपोलियनच्या आईला त्यात ऐटीत बसवलं. माणूस साधा नव्हता.)

‘साबिन स्त्रिया’ हे चित्र त्याला सुचलं तुरुंगात. पुरं झालं १७९९ मध्ये. इथं रोमनांनी पळवून आणलेल्या या बायका कोपऱ्यात नाहीत. एकीकडं बाप, दुसरीकडं नवरा रोम्युलस, दोघांच्या शस्त्रांमध्ये त्यांतलीच हर्सिलिया हात फाकून उभी आहे. बायकांनी तान्ही पोरं थेट लढाईच्या पायाखाली आणून ठेवलीत. उजवीकडं एक घोडेस्वार तलवार म्यान करतोय. रोम्युलसच्या अंगावर मात्र शिरस्त्राण आणि ढाल सोडली तर विशेष काही नाही. लढाईला कोण असं येतं, असं लोक विचारणार हे ओळखून दाव्हीदनं नग्नतेचं समर्थन छापूनच टाकलं होतं.

हे चित्र त्यानं तिकीट लावून दाखवलं. समोर मोठा आरसा ठेवला. चित्राकडं पाठ करून आरशात पाहिलं की प्रेक्षक त्या झुंबडीत उभा दिसे. लोक काही वर्षं पैसे मोजून येत राहिले. त्या कमाईतून दाव्हीदनं गावाकडं जमीन घेतली.