खोबरेल, कंगवा, कपटे

सातवीत बाईंनी केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलायला सांगितले. रत्नागिरीतला ऑगस्ट, एकीलाही जमलं नाही. माझ्या केसांना आईने चापून खोबरेल लावलेलं, त्यामुळे माझे कपटे उचलले गेले नाहीतच, वर तेलकट झाले. डिसेंबरात एका रविवारी शिकेकाईने न्हाले, चुलीशी केस वाळवले आणि सहज कंगवा कपट्यांवर धरला. टुणकन उडाले!

पण कोऱ्या कपट्यावर विद्युतभारच नाही, मग तो कंगव्याकडे येतो कशाला? हे कळायला कॉलेज उजाडलं. घासताना केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात, तो ऋण होतो. त्याच्या धाकाने कपट्यातले ऋण भार जरासे मागे रेटले जातात, कपटा सोडून मात्र जात नाहीत. कंगव्याकडची बाजू धन उरते. अंतर निम्मं झालं की बल चौपट, हे कूलाँबने 1785 मध्ये मोजून दाखवलं. म्हणून जवळच्या बाजूची ओढ लांबच्या बाजूच्या रेट्यावर किंचित मात करते. त्या किंचितावर कपटा उडतो. चिकटल्यावर कंगव्याचा भार त्यालाही लागला, तर झटक्यात दूरही फेकला जातो. (काही नाती अशीच असतात, पण ते राहू दे.)

संस्कृतात अंबराला तृणमणी म्हणतात, गवताची काडी ओढणारा मणी. ग्रीकांच्या ‘इलेक्ट्रॉन’चा अर्थही अंबरच. मला आपला शब्द जास्त आवडतो, त्यात काडी दिसते.

लग्नानंतर नागपूर. थंडीत रात्री नायलॉनची साडी सोडताना चटचट ठिणग्या, कडीला हात लावला की चटका. सासूबाई म्हणायच्या, “सून नाही, वीज आणली घरात!” माझा त्यात काही गुण नव्हता, हवा कोरडी होती. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भार त्यातून निसटतो.

पुढे ऑफिसात झेरॉक्सचे गरम कागद एकमेकांना चिकटून यायचे. त्या यंत्राच्या मुळाशीही घासणंच. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरियात चेस्टर कार्लसनने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, अक्षरांच्या काचेतून त्यावर उजेड पाडला, पूड भुरभुरली. उजेड पडला तिथला भार गेला, पूड अक्षरांपुरती चिकटली. ती अक्षरं म्हणजे त्या दिवसाची तारीख आणि जागेचं नाव.

आता पुन्हा रत्नागिरीत आहे. नातीला जुलैतच प्रयोग करायचाय. मी तिला डिसेंबरातला रविवार दिलाय, बिनतेलाचा.