जोतिबाच्या डोंगरावरून कोबेला

माझा भाचा जपानमध्ये कोबे शहरात शिकतो. तिथल्या मशिदीत जुम्याला जातो. ही मशीद १९३५ ची. ती उभी करण्यात हिंदुस्तानी मुस्लिम व्यापाऱ्यांचाही पैसा होता. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आसपासचं शहर जळालं आणि १९९५ च्या भूकंपात घरं कोसळली, पण मशीद दोन्ही वेळा उभी राहिली. त्याच्या मागच्या उन्हाळी सुट्टीतल्या फोनवर मात्र मशिदीपेक्षा एका शिबिराच्याच गोष्टी जास्त होत्या. हायस्कूलच्या मुलांसाठी इंग्रजी बोलण्याचं शिबिर होतं आणि हा तिथे मदतनीस होता.

"खालाजान, सहा-सहा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलं आहेत. व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. पण तोंड उघडत नाहीत."

मी म्हटलं, बेटा, मग ती माझ्याच वर्गातली.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, उर्दू शाळांतही. म्हणजे माझ्या नववीच्या मुली नऊ वर्षं इंग्रजी शिकल्या. फळ्यावरचं उतरवून घेतात, पाठ म्हणतात, आणि नाव विचारलं की खाली बघतात. जपानी मुलांना 'राइट' आणि 'लाइट'मधला फरक ऐकू येत नाही, आमच्या मुली 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतात. पण खरी अडचण जिभेची नाहीच. "टीचर, गलत बोले तो हँसेंगे ना," हे एकीने मला सरळ सांगितलं.

भाच्याच्या शिबिरात एक युक्ती होती. शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाने आपल्या गावची एक जागा अशा माणसाला समजावून सांगायची, ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही. मी ती उचलली. मे महिन्यात शाळेतच सहा दिवसांचं शिबिर घेतलं आणि सातव्या दिवशी जोतिबाला जायचं ठरवलं. तिथून त्याच्या ओळखीच्या हायस्कूलमधल्या इंग्रजी मंडळाच्या मुलांशी व्हिडिओवर बोलायचं.

यावरून घरोघरी चर्चा झाली. देवळाच्या डोंगरावर कशाला, पन्हाळा काय वाईट? हा प्रश्न रास्त होता. त्यातून जुलै २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विशाळगडाजवळच्या गजापुरात, घरांवर आणि मशिदीवर जे गुदरलं ते कोणी विसरलेलं नाही. एका मुलीचे अब्बा म्हणाले, "टीचर, जबाबदारी तुमची." मी हो म्हटलं, पण रात्री झोप लागली नाही. बावीसपैकी सोळा मुली आल्या.

रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून बुधवार धरला. केर्लीवरून गाडी वळली की चढण लागते. जेमतेम अठरा किलोमीटरचा रस्ता, पण सोळांपैकी अकरा मुली कोल्हापुरात जन्मून पहिल्यांदाच वर आल्या होत्या. गावाचं नाव वाडी रत्नागिरी. आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, शेजारचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. ग्वाल्हेरचं हे घराणं. चैत्र पौर्णिमेची यात्रा होऊन गेली होती. उंच सासनकाठ्या परतल्या होत्या, गुलाल मात्र दगडांच्या सांध्यांत तसाच होता. आम्ही देवळात गेलो नाही. बाहेरच्या दुकानांच्या ओळीत जोड्या पाठवल्या: मराठीत विचारायचं, इंग्रजीत लिहायचं.

दवणा विकणाऱ्या एका आजीबाईंनी मुलींचे स्कार्फ निरखले. माझ्या पोटात गोळा आला.

"कुठल्या गं पोरींनो?"

"कोल्हापूरच्याच, आजी."

"मग लांब का हुब्या? सावलीत या."

दवणा हातावर चुरडून वास कसा घ्यायचा, देवाला तो का आवडतो, यात्रेत गुलाल-खोबरं कसं उधळतात, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. वही घेऊन बसलेल्या मुली म्हणजे त्यांना आयतं गिऱ्हाईकच मिळालं, फक्त विकत काही न घेणारं. शेवटी मीच दवण्याची एक जुडी घेतली. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या.

दुपारी बाराला फोन लागला. तिथे साडेतीन वाजले होते, शाळा नुकतीच सुटलेली. डोंगरावर नेटवर्क येत-जात होतं. पहिल्या दोघी पाठ केलेलं घडाघड बोलल्या, आणि पलीकडची मुलं माना हलवत राहिली. तिसरी होती ती, जिचे अब्बा मला जबाबदारी सांगून गेले होते. तिने कागद खाली ठेवला आणि दगडातला गुलाल बोटाने उकरून कॅमेऱ्याला दाखवला. "धिस कलर, एव्हरीव्हेअर, इन एप्रिल."

पलीकडच्या मुलीने खूप वेळ शब्द जुळवले आणि विचारलं, "इज इट युवर गॉड?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही सुचवणार तोच ही म्हणाली, "नो. माय नेबर्स गॉड. बट माय डिस्ट्रिक्ट." आणि मग, "माय गॉड इज वन. नो पिक्चर."

पलीकडची मुलगी "आह, आह" करत वहीत लिहीत होती. तिने पुन्हा विचारलं, शेजारी रागावत नाहीत का? हिने जरा विचार केला. "समटाइम्स." मग दवण्याची जुडी उचलून म्हणाली, "टुडे, नो."

व्याकरणाच्या दृष्टीने त्यात एकही वाक्य धड नव्हतं. मी दुरुस्त केलं नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ मध्ये टोकियोला जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांना हिंदुस्तानी शिकवू लागले. तेव्हा जपानी मुलांची जीभ आपल्या बोलीत अडखळत असणार. मुलींना हे सांगितलं तेव्हा एक म्हणाली, "मग आता बराबर हुए."

उतरताना झाडाखाली वुजू करून जोहर पढलो. भाच्याचा निरोप आला की आता सांगायची पाळी त्यांची. त्यांची सुट्टी जुलैअखेर सुरू होते. तेव्हा आमची शाळा चालू असेल. म्हणून शनिवारच्या दुपारसाठी कॉम्प्युटरची खोली मागणारा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. यावेळी राहिलेल्या सहा मुलींचीही नावं त्यात घातली आहेत.