मुकुटबनला उतरून तर पाहा!

वणीहून आदिलाबादकडे जाताना मुकुटबन स्टेशन लागते. परका प्रवासी इथे सहसा उतरत नाही. ऊन, धूळ अन् कोळसा, पाहायचे काय, असे म्हणतो. मला मात्र झरी-जामणी तालुक्यातले हे गाव जिवाभावाचे वाटते. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी या साऱ्या बोली या मुलखात सुखाने नांदतात. काळ्या रानात पऱ्हाटीच्या तासांमधून तूर डोलते. त्याच रानाखाली चुनखडी अन् कोळसा आहे. २०२२ साली सिमेंटचा कारखानाही सुरू झाला. पोरांना काम मिळो, पण खालचा दगड एकदाच निघतो, वरची माती दरसाल पिकते. ती जपली पाहिजे. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत या अन् पांढरे फुललेले रान डोळे भरून पाहा.