पहाटेची संथा

शाळा म्हटली की डोळ्यांपुढे इमारत येते, घंटा येते, फळा आणि बाके येतात. परंतु जिची ही हकीकत आहे त्या शाळेला इमारत नव्हती, घंटा नव्हती आणि पुस्तकही नव्हते. सूर्य उगवण्यापूर्वी ती भरे आणि घरातील कामे सुरू होताच सुटे. तिच्यात शिक्षिका एक आणि विद्यार्थिनीही एकच. शिक्षिका म्हणजे आई, आणि विद्यार्थिनी म्हणजे तिची सर्वांत धाकटी मुलगी. आईचे नाव लक्ष्मीबाई डोंगरे. मुलीला पुढे जग पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागले.

या शाळेचा पाया रमाबाईंच्या जन्माच्या फार आधी घातला गेला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडचे. भोवतालचा मुलूख कानडी, पण घरची भाषा मराठी. विद्येच्या ओढीने ते तरुणपणी पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी संस्कृत शिकू लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. त्या बाईंच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्र्यांना मोठा अचंबा वाटला. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, अशीच तेव्हा सर्वत्र समजूत होती. पण कानांनी जे प्रत्यक्ष ऐकले ते खोटे कसे म्हणावे? आपणही आपल्या पत्नीला शिकवावयाचे, असा निश्चय करूनच ते घरी परतले.

निश्चय करणे सोपे असते, तो पार पाडणे अवघड. घरातील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही, आणि पहिल्या पत्नीचे शिक्षण तसेच राहिले. ती पत्नी निवर्तल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, तीर्थयात्रेत असता, गोदावरीच्या काठी त्यांची एका यात्रेकरूशी गाठ पडली. त्या गृहस्थाबरोबर त्याच्या दोन लहान मुली होत्या. मोठी नऊ वर्षांची. एका दिवशी ओळख झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे अनंतशास्त्र्यांशी लग्न लागले! ते तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. आज अशा विवाहाची कल्पनाही सहन होत नाही, आणि कायदाही त्याला मान्यता देत नाही; पण त्या काळी असे विवाह सर्रास होत. आईबापांना आणि बहिणीला सोडून ती बालिका शेकडो मैल दूर सासरी गेली. तीच लक्ष्मीबाई.

या वेळी मात्र अनंतशास्त्र्यांनी आपला निश्चय ढळू दिला नाही. लक्ष्मीबाईंचे संस्कृतचे पाठ सुरू झाले. लोकांत कुजबुज झाली, मग उघड निंदा झाली. अखेर उडुपी येथे शास्त्रीपंडितांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांना आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागला. त्यांनी भांडण केले नाही, ग्रंथ उघडले. वेद वगळता इतर संस्कृत विद्या स्त्रियांना शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांतील आधार एकामागून एक काढून दाखविले. ते स्वतः कट्टर सनातनी वृत्तीचे होते. पण आपल्याला पटलेली गोष्ट लोक नावे ठेवतात म्हणून सोडून द्यावी, हे त्यांना मान्य नव्हते.

पुढे त्यांनी सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ येथे बिऱ्हाड केले. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथे उगम पावतात. त्या एकांतातही विद्यार्थी त्यांना शोधत आले. घर हीच पाठशाळा झाली. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म याच अरण्यात झाला.

ज्या घरात पाठशाळा असते, त्या घरातील गृहिणीचा दिवस कसा जातो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गुरुजी ओसरीवर बसून व्याकरण सांगतात. पण आत चूल पेटलेली असावी लागते. विद्यार्थी घरीच राहणारे, तेव्हा त्यांच्या जेवणाची काळजी घरच्यांना. नद्यांच्या उगमाच्या दर्शनाला यात्रेकरू येत. त्यांना विन्मुख पाठविणे शक्य नव्हते. शिवाय घरात वृद्ध सासूसासरे आणि स्वतःची मुले. अध्यापनाचे मोल घ्यावयाचे नाही आणि आल्यागेल्याला जेवू घालावयाचे, हा घरचा रिवाज. खर्च वाढला, कर्ज झाले, आणि शेवटी ते फेडण्यापायी घरदार सोडावे लागले. रमा तेव्हा काही महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात निजवून, एका माणसाच्या डोक्यावरून तिला अरण्याबाहेर आणले. तेथून या कुटुंबाची जी यात्रा सुरू झाली, ती पुढे कित्येक वर्षे संपली नाही.

आज या तीर्थाच्या गावी, तर काही दिवसांनी दुसऱ्या. देवळात किंवा नदीच्या घाटावर अनंतशास्त्री पुराण सांगत. श्रोते तांदूळ, फळे किंवा चार पैसे पुढे ठेवीत. त्यावर घर चाले. थोरला मुलगा आणि थोरली मुलगी यांना वडिलांनी स्वतः शिकविले होते. पण धाकटी रमा शिकण्याजोगी झाली, तेव्हा अनंतशास्त्री म्हातारे झाले होते. तिला कोण शिकविणार? ते काम आईने आपल्याकडे घेतले.

परंतु आईला वेळ कोठे होता? उजाडले की पाणी, स्वयंपाक, पूजेची तयारी, मुलांचे आणि वृद्ध पतीचे करणे. दिवस कधी मावळे ते कळतही नसे. म्हणून लक्ष्मीबाईंनी दिवसात नसलेला वेळ रात्रीच्या शेवटच्या प्रहरातून काढला. सारे झोपलेले असताना ती माउली उठे. जमिनीवर निजलेल्या रमेला हलकेच उचलून जवळ घेई. मुलीचे डोळे झोपेने जड झालेले असत. आई रागावत नसे. लाडाच्या शब्दांनी तिला जागे करी. बाहेर पाखरांची किलबिल सुरू होई आणि आत संथा सुरू होई.

संथा म्हणजे गुरूने म्हणावे आणि शिष्याने त्याच्यामागून म्हणावे. पुस्तक हाती नाही, दिवा लावण्याचेही कारण नाही. आधी एक चरण, मग दोन, मग पुरा श्लोक. काल शिकलेले आज म्हणून दाखवावयाचे, आणि मगच पुढचे घ्यावयाचे. व्याकरणाची सूत्रे, एकेका वस्तूची अनेक नावे पद्यात गुंफून सांगणारा अमरकोश आणि त्यानंतर भागवत. भागवताचे श्लोक परंपरेने १८,००० मानले जातात. एवढा मोठा ग्रंथ रमाबाईंनी लहान वयातच मुखोद्गत केला. एका दमात एवढे कोणालाही साधणार नाही. पण रोज पहाटे थोडे, आणि एकही पहाट न चुकविता, अशा रीतीने केवढी मजल मारता येते पाहा!

आठव्या वर्षी सुरू झालेली ही शाळा रमाबाईंच्या पंधराव्या वर्षापर्यंत चालली. गावे बदलली, बिऱ्हाडे बदलली, पण शिक्षिका बदलली नाही. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की आईने आपल्या मनाला असे वळण लावले की त्यानंतर इतरांच्या फारशा मदतीवाचून आपल्याला आपले शिक्षण चालविता आले. शिक्षकाच्या कामाची याहून मोठी पावती कोणती असेल?

मात्र या शाळेत एक उणीव होती, आणि तीही रमाबाईंनीच मोकळेपणाने सांगितली आहे. धर्मग्रंथांपलीकडचे काहीच मुलांना शिकविले गेले नव्हते. १८७४ ते १८७७ हा काळ दुष्काळाचा होता. पुराण ऐकावयास लोक येतनासे झाले. जवळचे सर्व संपले. मोलमजुरी कधी केलेली नव्हती, आणि हात पसरण्याचा धीर होत नव्हता. वडील गेले. पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी भाकरीचा एक तुकडा मागावयास रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. हजारो श्लोक अस्खलित म्हणणाऱ्या त्या मुखातून तेवढे दोन शब्द बाहेर पडेनात! भाकरी मिळाली, पण ती खाण्याची शक्ती आईला उरली नव्हती. आई गेली, आणि त्यानंतर थोरली बहीणही गेली.

उरली दोन भावंडे. श्रीनिवास आणि रमाबाई पायी भारतभर हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा पाहिली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. त्या सभेत लक्ष्मीबाई नव्हत्या. परंतु तेथे उच्चारलेला प्रत्येक श्लोक त्यांच्या पहाटेच्या कष्टांचाच होता.

१८८२ साली सरकारी शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी मुलींसाठी शिक्षिका तयार करण्याचा आग्रह धरला. १८८७ साली प्रसिद्ध झालेला आपला स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. विधवा आणि निराधार मुलींना तेथे आसरा मिळाला आणि विद्याही मिळाली. पुढे केडगावी त्यांनी उभारलेल्या ‘मुक्ती’ या आश्रमात मुली लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शेती आणि छपाईचे कामही शिकू लागल्या. आईच्या शाळेत जे मिळाले ते रमाबाईंनी पुढे दिले. आणि जे मिळाले नव्हते, तेही त्यात घातले.

लक्ष्मीबाईंच्या नावाची पाटी कोणत्याही शाळेवर नव्हती. त्यांच्या हजेरीपटात नाव एकच होते. पण साऱ्या घराच्या आधी उठून झोपाळू मुलीला मांडीवर घेणाऱ्या त्या शिक्षिकेने जो दिवा लावला, त्याच्या उजेडात पुढे शेकडो मुली अक्षरे गिरवावयास बसल्या.