देहूरोड ते बोरीबंदर, सरळ रेषेत

देहूरोडहून मुंबईचं हवाई अंतर काढायला विमान लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि एक वही पुरते. निघण्यापूर्वी मी गणित मांडलं. देहूरोड साधारण १८.६८ उत्तर, ७३.७३ पूर्व, मुंबईचं बोरीबंदर स्टेशन १८.९४ आणि ७२.८४. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आकसत जातो. आपल्याकडे तो १०५ च्या आसपास भरतो. म्हणजे उत्तरेला २९, पश्चिमेला ९४. काटकोन त्रिकोणाचा कर्ण आला शंभराला एक-दोन कमी.

एवढ्या जवळच्या गावांना पायथागोरस पुरतो. पण २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला स्थापन केलेली बुद्धमूर्ती रंगूनहून आली होती. ते अंतर मोजताना पृथ्वी सपाट धरून भागत नाही, महावृत्ताचा कंस घ्यावा लागतो. तो सुमारे २,३८० किलोमीटर भरतो.

सकाळच्या लोकलने निघालो. बेगडेवाडी, घोरावडी, तळेगाव, कामशेत, मळवली... इथपर्यंत रूळ कर्णाला बऱ्यापैकी धरून चालतात. लोणावळा तर माझ्या रेषेच्या दक्षिणेला जेमतेम तीन किलोमीटरवर. तिथे मुंबईची गाडी पकडली.

खरा फरक पडतो तो पुढे. कागदावरची रेषा सरळ खोपोलीवर उतरते, उरणच्या उत्तरेकडून बंदराचं पाणी ओलांडते आणि बोरीबंदरला टेकते. गाडी मात्र खंडाळ्याहून उत्तरेला वळते. १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटातला हा लोहमार्ग डोंगराच्या कुशीला चिकटून, बोगद्यांमागून बोगदे पार करत उतरतो. उतार १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. ब्रेक तपासायला गाडी मंकी हिलला थांबली. दारातून दरी दिसत होती. हा मार्ग खोदताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मेले. नुसतं हवाई अंतर सांगणाऱ्याच्या हिशेबात ती माणसं कुठेच येत नाहीत, हे मला फार खटकतं.

कर्जतला वडा खाल्ला. पुढे कल्याण. हे स्टेशन माझ्या रेषेपासून सुमारे चाळीस किलोमीटर उत्तरेला आहे! लोहमार्गाने पुणे ते बोरीबंदर १९२ किलोमीटर, हवाई अंतर १२० च्या आत. बाकीचं सगळं या घाटाचं आणि वळशाचं.

विमानही रेषेवरून तंतोतंत जात नाही. पुण्यातल्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवरून वारा बघून उठायचं, वळायचं, मग ठरलेल्या हवाई मार्गाला लागायचं. वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा. ही पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते, कारण तिचं माप पृथ्वीच्याच अंगावरून घेतलेलं आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ९४.५ किलोमीटरवरून मात्र कुणी मुंबईचं अंतर ठरवू नये. तो आकडा देहूरोडजवळच्या किवळ्यापासून कळंबोलीपर्यंतचाच आहे.

भूगोल शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. मुलांना आपल्या गावापासून मुंबईपर्यंत ही रेषा ओढायला लावा, अंतर त्यांचं त्यांना काढू द्या, आणि मग त्याच नकाशावर घाट, बोगदे आणि खाड्या भरून घ्या.