भुयारातले ग्रंथालय

लंडनला गेलेला आपला माणूस राजवाडा पाहतो, टॉवर ब्रिज पाहतो आणि वेळ उरलाच तर मेणाच्या पुतळ्यांशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. बेथनल ग्रीनला मात्र सहसा कोणी फिरकत नाही. पूर्व लंडनमधली ही पूर्वापार कष्टकऱ्यांची वस्ती. लिव्हरपूल स्ट्रीटहून भुयारी रेल्वेने अवघे एक स्टेशन! ज्याला पुस्तकांची ओढ आहे त्याने तरी वाट वाकडी करून इथे उतरावे.

स्टेशनाजवळच्या बागेत ग्रंथालयाची इमारत दिसते. ती मुळात वेड्यांच्या इस्पितळाची! इस्पितळ हलले आणि १९२२ साली तिथे सार्वजनिक ग्रंथालय उघडले. शिंप्या-सुतारांच्या मुलांना पुस्तके फुकट मिळू लागली.

७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी लंडनवर पहिला मोठा हल्ला चढवला. त्याच संध्याकाळी एक बॉम्ब छप्पर फोडून ग्रंथालयाच्या प्रौढ विभागात कोसळला. शहर पेटलेले असताना पुस्तकांची चिंता कोण वाहणार? ती वाहिली ग्रंथपाल जॉर्ज व्हेल आणि त्यांचे सहायक स्टॅन्ले स्नेथ यांनी.

बेथनल ग्रीनचे स्टेशन तेव्हा अर्धवटच होते. गाड्या सुरू व्हायच्या होत्या. रात्र झाली की वळकटी काखोटीला मारून माणसे भुयारात उतरत. तिथे ५,००० जणांच्या निजण्याची सोय होती. त्याच भुयारात, रुळांसाठी सोडलेल्या जागेवर फळ्या टाकून ग्रंथालय थाटले गेले. पुस्तके सुमारे ४,०००. संध्याकाळी मुलांनी गोष्टीचे पुस्तक न्यावे, आईने कादंबरी न्यावी आणि बाकड्यावर आडवे होऊन वाचीत पडावे. वर काय कोसळेल ते कोणाच्याच हाती नव्हते. कोणते पुस्तक उघडायचे, एवढे मात्र ज्याच्या त्याच्या हाती होते. तेवढ्यानेही लांबलचक रात्री थोड्या आखूड झाल्या असतील.

पण हे भुयारही दुःखावाचून राहिले नाही. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा झाला. जवळच नवी विमानविरोधी रॉकेटे कडाडली, आणि तो बॉम्बचाच आवाज समजून माणसे आत धावली. अंधाऱ्या, ओल्या जिन्यावर कोणी अडखळले आणि माणसांवर माणसे कोसळली. १७३ जीव गुदमरून गेले. त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

आज त्या जिन्याच्या तोंडाशी, बागेच्या कोपऱ्यात उलट्या जिन्याच्या आकाराचे स्मारक आहे. ते २०१७ साली पूर्ण झाले. त्याच्या माथ्यावर १७३ छिद्रे आहेत. ऊन पडले की त्यांतून उजेड खाली झिरपतो.

बेथनल ग्रीनला गेलात तर गाडीची घाई करू नका. त्या पायऱ्या सावकाश उतरा. याच वाटेने माणसे जीव वाचवायला खाली गेली, आणि खाली गेल्यावर त्यांनी पुस्तकही मागितले.